एल.सी. घेतली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. आईला सांगायचं होतं, ती गेली. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि वाचून झाल्यावर माझ्याकडे कसं बघता ते मला दिसणार नाही. आजवर दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला.

तुम्ही आमच्या वीज कचेरीत आलात तर मी तुम्हाला भला माणूस वाटेन. तक्रार नीट ऐकून घेतो, वहीत उतरवतो, नंबर देतो. अक्षर पाहून लोक मला बराच शिकलेला समजतात; शिकलोय सहावी. सहावी — चला, एवढं तरी बोलून टाकलं. पण कबूल करायचं ते हे नव्हे. हे सोपं होतं.

मी परभणीकडचा. सत्तरची सालं सरत आली होती तेव्हा मुळशीत आलो, गावातल्या एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी खिशात घेऊन. कचेरीत तक्रारींचा फोन उचलायला आणि वही लिहायला माणूस हवा होता. साहेबांनी विचारलं, किती शिकलास? मी नववी म्हणालो. का म्हणालो? सहावीला नोकरी मिळाली नसती म्हणून? तसंही नसेल. कदाचित सहावीलाही मिळाली असती. पण तोंडातून नववी निघालं आणि मग मागं घेता येईना.

राहायला जागा दिली ती इब्राहीमचाचांनी. चाचा लाइनमन. बाजारपेठेत त्यांच्या भावाचं किराण्याचं दुकान होतं, त्यामागची खोली मला मिळाली. चाची सकाळी भाकरी बांधून द्यायची, न मागता. "लांबचं पोर हाय" एवढंच म्हणायची. मी तेव्हा बावीस वर्षांचा घोडा होतो, तरी पोरच. चाचा माझ्या बोलीची चेष्टा करायचे. कचेरीच्या दारात सायकल लावता लावता ओरडायचे, "काय करायलास रं, परभणी?" रागही यायचा, बरंही वाटायचं. त्या मुलखात मला हाक मारणारं दुसरं होतंच कोण?

आता त्या अक्षरांचं सांगतो. कचेरीत कुणी पुरा शब्द बोलतच नसे. बी.डी. म्हणजे ब्रेकडाऊन. एच.टी., एल.टी. म्हणजे मोठ्या दाबाची आणि लहान दाबाची लाइन. हे सगळं मला आज पाठ आहे, तेव्हा काहीच माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात नेऱ्याहून फोन आला, "टी.सी. जळालीय." मी हादरलो. आमच्याकडे टी.सी. म्हणजे रेल्वेत तिकीट बघणारा. ऑपरेटर तात्यांकडे पळत गेलो आणि विचारलं, "तात्या, जळाली म्हणजे बाई होती का? वाचली का?"

ट्रान्सफॉर्मर जळाला होता.

तात्या पोट धरून हसले. संध्याकाळपर्यंत सगळ्या कचेरीला कळलं. पुढचे आठ दिवस जो येईल तो विचारायचा, "काय बाबू, टी.सी.बाई कशा हायेत? तिकीट काढलं का न्हाई?" चाचाही हसले. पण नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "न्हाई कळलं तर इचारायचं. हसत्यात ती हसूंद्यात. हितं न इचारणारा मरतो."

मी मान डोलावली. आणि मनात ठरवलं — पुन्हा कुणाला काही विचारायचं नाही.

तीन आठवडे झाले असतील. तात्या म्हणाले, साहेब तुझी एल.सी. मागत्यात. ही मात्र मला माहीत होती — शाळा सोडल्याचा दाखला, आमच्या शाळेतला कारकून त्याला एल.सी.च म्हणायचा. दाखला माझ्या पेटीत होता आणि त्यावर सहावी लिहिलेली होती. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. शेवटी चाचांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. "दे हिकडं. साहेबांना मी सांगतो. सहावी तर सहावी, खरं सांगितल्यालं बरं." सकाळी त्यांनी दाखला घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि सायकलवर टांग मारली.

त्या दिवशी दुपारी नांद्याकडची लाइन गेली. चाचा तिकडेच होते, दोष शोधत. तात्या शेजारच्या क्वार्टरमध्ये जेवायला गेले. साहेब सकाळपासून फिरतीवर. मी एकटा. फोन वाजला. खरखर खूप होती, पण आवाज चाचांचाच.

"परभणी! तात्यांना सांग, एल.सी. घेतली!"

मी काय म्हणालो माहीत आहे? "लई उपकार झाले, चाचा." ते हसल्यासारखं वाटलं आणि फोन कट झाला.

मला एकदम हलकं वाटलं. घेतली! साहेबांनी दाखला घेतला. सहावी असूनही घेतला. मी खुर्चीत बसून आईला पत्रात काय लिहायचं ते जुळवत होतो.

एल.सी. म्हणजे लाइन क्लियरही. लाइनमन खांबावर चढण्याआधी ऑपरेटरकडून घेतो ती. मी काम करतोय, लाइन चालू करू नका — एवढाच तिचा अर्थ. त्याची लाल वही तात्यांकडे असायची, माझ्याकडे नाही. शब्द माझ्या कानावरून एक-दोनदा गेला होता. मी मान डोलावली होती.

पण थांबा. हा गैरसमज झाला, आणि गैरसमज कुणाचाही होतो — असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं स्वतःला असंच सांगत आलो. पण तसं नाही. चाचांनी मला निरोप दिला होता. तात्यांना सांग. तो निरोप मी जसाच्या तसा, एकही अक्षर न समजता पोचवला असता, तरी पुरलं असतं. पोपटानेही पोचवला असता.

मी पोचवला नाही. कारण तात्यांनी विचारलं असतं, कितवीचा दाखला रे? आणि ते सगळ्या कचेरीत सांगत सुटले असते.

तात्या हात पुसत आले. लाल वही पाहिली. मला विचारलं, "कुणाची एल.सी. हाय का? फोनबिन?"

तेव्हा मला शंका आली. हेही लिहितो. कुणाची म्हणजे? माझ्या दाखल्याबद्दल तात्या असं का विचारतील? तात्या, एल.सी. म्हणजे काय — एवढंच विचारायचं होतं. आणि डोळ्यांपुढे आली ती टी.सी.बाई.

"नाही," म्हणालो.

तात्यांनी लाइन चालू करायचा दांडा ओढला. मीटरचा काटा उडाला, धाडकन आवाज झाला आणि लाइन पुन्हा पडली. "अजून दोष हाय लाइनीत," तात्या म्हणाले आणि पान लावायला बसले. नांद्याचा फोन तोवर बंद पडला होता; तिथून सायकलवर माणूस येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. मी पत्रच जुळवत होतो.

चाचा वाचले. उजवा हात कोपरापासून गेला, कंबर मोडली. दवाखान्यात चाचीनं मला एक घडी केलेला कागद दिला. त्यांच्या खिशात सापडला, कसला हाय बघ म्हणाली. कडेला काळा पडला होता. मी म्हटलं, काही नाही, माझाच आहे. साहेबांपर्यंत तो गेलाच नव्हता.

चौकशी झाली. चाचांनी सांगितलं, मी फोन केला होता. बाहेरून आलेल्या साहेबांनी मला विचारलं, फोन आला होता का? आता मला एल.सी.चा अर्थ माहीत होता. पुरता माहीत होता. गैरसमजाला जागाच उरली नव्हती. तरी पुन्हा "नाही" म्हणालो. वही कोरी होती, तात्यांनीही तेच सांगितलं. लाइन क्लियर न घेता चढले, चूक त्यांची, असं ठरलं. चोवीस वर्षांत एकदाही ज्यांनी एल.सी.शिवाय खांबाला हात लावला नव्हता, नव्या पोरांना तेच शिकवलं होतं, त्यांच्या नावापुढे हे लागलं. नोकरी गेली. भावाच्या दुकानात बसू लागले. डाव्या हाताने पुड्या बांधता येईनात, तेव्हा नुसतेच बसू लागले.

मी कायम झालो. माझा दाखला पुन्हा कुणी मागितला नाही.

चाचा माझ्यावर चिडले असते, तर मला कदाचित जगता आलं असतं. पण मी नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःवरच संशय घेतला. दुकानात येईल त्याला सांगायचे, "मला वाटतं मी केल्ता फोन. पर न्हाई केला आसंल. झटक्यानं डोस्क्यात गोंधळ झाला." सांगताना लाजायचे. नवे लाइनमन समोरून जायचे, त्यांना आधी हाक मारणारे चाचा आता मान खाली घालून मापं पुसत बसायचे.

आठ वर्षांनी, मागच्या हिवाळ्यात, त्यांनी मला बोलावलं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. चाचीनं चहा आणून ठेवला. चाचांनी हातातलं माप बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "एकच इचारतो, परभणी. पुन्हा न्हाई इचारायचा. मी फोन केल्ता का रं?"

चिडून नव्हते विचारत. त्यांना फक्त हवं होतं — आपलं डोकं ठिकाणावर होतं का, ते. मला पेन्शन होईपर्यंत कुणी हात लावणार नव्हतं. साहेब बदलून गेले होते, तात्या वारले होते. खरं बोललो असतो तर माझं काय गेलं असतं?

"नाही, चाचा," मी म्हणालो. "फोन नव्हता आला."

त्यांनी हळू मान हलवली. "मग मीच," म्हणाले. डाव्या हातानं कप माझ्याकडे सरकवला. "पी. गार व्हतोय."

मी प्यालो.