अक्कांनी निवडलेल्या गल्ल्या

परगावच्या लॉजवर फोन लावला की आमच्या अक्का भाडं, गरम पाणी, लिफ्ट यांतलं काहीच आधी विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "सुबह छे बजे आपके दरवाजे के सामने क्या चलता है?" पलीकडचा माणूस गडबडून जाई. "कुछ नहीं मॅडम, एकदम शांती," असं कुणी अभिमानानं सांगितलं, की अक्का "बरं बरं" म्हणून फोन ठेवत आणि त्या लॉजच्या नावावर काट मारत. दूधवाला येतो, समोरच्या देवळात घंटा वाजते, पोरं शाळेच्या रिक्षाची वाट बघत दंगा करतात, असं कुणी नाइलाजानं कबूल केलं, की त्यांचा चेहरा खुलायचा. "हितंच उतरायचं," त्या म्हणायच्या. "गल्ली जिती हाय."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माहेर कागलच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. तिथं घरात कानडी आणि दारात मराठी. म्हणून आमच्याकडची पोरं त्यांना कानडी रीतीनं 'दोड्डव्वा' म्हणत, म्हणजे मोठी आई. शिक्षण दहावीपर्यंत. मी एम.ए., बी.एड., हायस्कूलमध्ये भूगोलाची शिक्षिका. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घरात दोन्ही कुटुंबं एकत्र राहत होतो, आणि दोघा भावांचं लक्ष्मीपुरीत पाइप-फिटिंगचं दुकान होतं. दिवाळीची भाऊबीज झाली की दुकान आठवडाभर बंद ठेवून आम्ही सगळे एखादं शहर बघायला जायचो. शहर कुठलं ते पुरुष ठरवत. त्या शहरात कुठल्या भागात उतरायचं ते अक्का ठरवत. वर्षभर पोरांना नकाशावाचन शिकवणाऱ्या मला कुणी विचारतसुद्धा नसे. आता एवढ्या वर्षांनी कबूल करायला हरकत नाही, मी जळत होते.

मी मोबाइलवर खोल्यांचे फोटो शोधून त्यांच्यापुढं धरायचे. पांढऱ्या चादरी, मोठ्या खिडक्या, बाल्कनीतल्या कुंड्या. अक्का चष्मा न लावताच मोबाइल परत करायच्या. "फोटूत पलंग दिसतोय गं रेखा. पलंग काय आपल्या घरात न्हाई?" यावर माझे यजमान आणि मोठे दीर दोघंही हसायचे. ते हसणं माझ्या मनात चार-चार दिवस राहायचं.

लॉजवर पोहोचलं की आम्ही बॅगा उघडायचो, पोरं टीव्ही लावायची, आणि अक्का पदर खोचून खाली उतरायच्या. "मी येतो जरा," कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखं त्या 'मी येतो, मी जातो' असंच म्हणत. अर्ध्या तासानं परतायच्या तेव्हा हातात केळी किंवा कोथिंबिरीची पेंडी असे, आणि तोंडात दोन-तीन नावं. इस्त्रीवाल्याची सून बाळंत झाली आहे, कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्याचा मुलगा कोल्हापूरला फौंड्रीत होता, असं काहीबाही. लॉजच्या खोलीत कोथिंबिरीचं काय करायचं, हे मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "काय करायचं न्हाई. पर चार दिवस का असंना, कुणाचं तरी शेजारी व्हायचं की."

म्हैसूरला गेलो तेव्हा माझी मुक्ता आठ वर्षांची होती. मला राजवाड्याजवळ, रुंद रस्त्यावर राहायचं होतं. अक्कांनी बाजाराच्या मागची एक गल्ली धरली. लॉजच्या समोर फुलांचे हार करणाऱ्या बायका बसत आणि पहाटेपासून त्यांच्या गप्पांनी झोपमोड होई. मी दोन दिवस तोंड फुगवून होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताला सडकून ताप भरला. मी पर्समधलं पॅरासिटामॉल शोधत होते तोवर अक्का खाली जाऊन हारवाल्या बाईशी बोलल्या होत्या. त्या बाईनं दोन घरं सोडून राहणाऱ्या डॉक्टरांना उठवून आणलं. समोरच्या घरातून पातळ भाताची पेज आली, तीही सलग तीन दिवस. लिंबाचं लोणचं पाठवू का, असं विचारायला एक आजी जिना चढून वर आली.

मी त्या सगळ्यांचे आभार मानले, अक्कांचेही. पण मनात काय होतं ते वेगळं. तापाच्या ग्लानीत मुक्ता "दोड्डव्वा, दोड्डव्वा" करत होती. मी तिच्या उशाशीच बसले होते. माझ्या हातातली ओली पट्टी तिच्या कपाळावर होती, आणि ती अक्कांना हाक मारत होती. अक्का पुढं आल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आई हाय की तुझी हितं." तो समजूतदारपणा मला आणखी झोंबला.

पुढच्या वर्षी हैदराबादला जायचं ठरलं आणि मी हट्टच धरला. या वेळी भाग मी निवडणार. दीड महिना खपून मी तक्ता केला, प्रेक्षणीय स्थळांची अंतरं काढली, आणि नव्या वस्तीतल्या एका उंच इमारतीत खोल्या घेतल्या. खोल्या खरंच उत्तम होत्या. फक्त खाली उतरलं की आठपदरी रस्ता, आणि पलीकडं काचेच्या कचेऱ्या. संध्याकाळी कुणालाच कुठं जावंसं वाटेना. पुरुष मंडळी मॅच बघत बसली, पोरं मोबाइलमध्ये. अक्का मात्र ज्याला त्याला सांगत होत्या, "खोल्या लई झकास हायत. रेखानं निवडल्यात." शेवटच्या दिवशी सकाळी त्या आणि मुक्ता गायब. तासाभरानं दोघी हसत आल्या. कुठल्याशा पुलाखाली बांधकामावरच्या बायकांसाठी इडली विकणारी एक बाई त्यांना सापडली होती. घरी आल्यावर मुक्तानं शाळेत सहलीवर निबंध लिहिला. त्यात माझ्या तक्त्यातलं एकही ठिकाण नव्हतं. त्या पुलाखालच्या इडल्या होत्या.

त्यानंतर अहमदाबादच्या वेळी मी जे केलं ते आजवर घरात कुणाला ठाऊक नाही.

जुन्या शहरात पोळ म्हणतात तशा दरवाजाच्या गल्ल्या आहेत. त्यातल्या एका पोळेत एक वयस्क बाई आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवत. अक्कांनी फोनवर त्यांच्याशी अर्धा तास गप्पा मारून तीन खोल्या ठरवल्या आणि पक्कं करायचं काम माझ्याकडं दिलं. मी त्या बाईंना फोन करून आमचं येणं रद्द झाल्याचं कळवलं. घरात सांगितलं, त्यांच्याकडं लग्नाचं वऱ्हाड आलंय, खोल्या भरल्या. मग नदीकाठी मला हवं तिथं हॉटेल घेतलं. पोरं हिरमुसली. अक्का एवढंच म्हणाल्या, "असू दे. भरल्या तर भरल्या."

तीन दिवस छान गेले. परतायच्या आदल्या दुपारी अक्का माझ्याजवळ आल्या. "जरा येतीस का माझ्यासंगं? एका ठिकाणी जायचं हाय." आम्ही दोघीच रिक्षानं निघालो. रिक्षा जुन्या शहरात शिरली आणि एका लाकडी दरवाजापुढं थांबली, तेव्हा ही तीच पोळ हे मी ओळखलं.

बाई घरीच होत्या. पांढरी साडी, झोपाळ्यावर बसून मेथी निवडत होत्या. अक्कांनी नाव सांगताच उठून उभ्या राहिल्या. "अरे, कोल्हापूरवाली बहन! मुझे तो चिंता हो गई थी. घर में कुछ हो तो नहीं गया? कमरे वैसे ही रखे हैं, मैंने किसी को दिए नहीं." अक्का पटकन बोलल्या, "हमारे घर में जरा तबियत का हुआ था. अब ठीक हाय." मग त्यांनी पिशवीतून गुळाची ढेप आणि कांदा-लसूण चटणीचा डबा काढून त्यांच्या हातात ठेवला. चटणीचा डबा म्हणजे ही भेट कोल्हापुरातून निघतानाच ठरलेली होती. बाईंनी आम्हाला वरच्या खोल्या दाखवल्या. खिडकीतून खालच्या चौकातला पक्ष्यांना दाणे टाकायचा नक्षीदार खांब दिसत होता आणि त्याच्याभोवती पोरं खेळत होती. मुक्ता इथं किती रमली असती, हे मला न सांगता समजलं.

परतीची रिक्षा जुन्या शहराबाहेर पडली. मग मीच विचारलं, "कधी कळलं?"

"तू फोन केलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी. त्या बाईनं मला फोन केलता, इचारपूस कराय. मी म्हटलं, भेटल्यावर सांगतो."

"मग घरात का नाही बोललात?"

"काय बोलायचं? तुला निवडायचं होतं तर निवडायचं की. मला म्हणली असतीस तर मी सोडलं असतं." त्या बाहेर बघत होत्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजाला धार आली. "पर त्या बाईनं तीन खोल्या झाडून ठेवलेल्या गं. तिला कशाला खोटं पाडलंस?"

मी रडले. त्यांनी समजूत घातली नाही आणि पुन्हा तो विषय कधी काढलाही नाही. घरात नाही, भांडणात नाही, एकट्या असतानाही नाही. माणसानं एकदा तरी टोमणा मारावा, म्हणजे फिटल्यासारखं वाटतं. अक्कांनी तेवढीही सोय ठेवली नाही. मी त्यांना मनापासून मानू लागले, आणि जळणं काही थांबलं नाही. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला तेव्हा समजलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाला, सागरला, बेंगळुरूत कायमची नोकरी लागली, नातू झाला, आणि दीर-जाऊबाईंनी तिकडं जायचं ठरवलं. सागरच्या मनात मोठ्या संकुलातला अकरावा मजला होता. अक्का म्हणाल्या, "माझं गुडघं दुखत्यात, मला हिंडाय जमणार न्हाई. रेखाला घेऊन जा. ती बघंल." मी आणि सागर तिथं चार दिवस हिंडलो. खोटं कशाला सांगू, सागरला हवा होता तो फ्लॅट बघताना माझ्या मनात एक हलका विचार येऊन गेला. इथं यांना कोण ओळखणार? इथं या माझ्यासारख्याच होतील.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच उठून जुन्या वस्तीत गेले. दोन सकाळी गल्ल्यांच्या तोंडाशी उभी राहून काढल्या. शेवटी पिठाच्या गिरणीसमोरचं एक घर सापडलं. खाली मालकीणबाई, वर तीन खोल्या, पायऱ्या कमी, कट्ट्यावर भाजी निवडत बसलेल्या बायका. सागर कुरकुरला, पार्किंगची अडचण आहे म्हणाला. मी ऐकलं नाही. फोनवरून अक्कांना सांगायला लागले, तर त्यांनी मधेच थांबवलं. "तू उभं राहून बघितलंस न्हवं? मग झालं." आयुष्यात मला मिळालेलं कुठलंही प्रमाणपत्र एवढं गोड लागलं नाही.

सामान भरून टेंपो गेला त्या दिवशी पेठेतल्या बायका दारात जमल्या होत्या. अक्का प्रत्येकीशी बोलल्या. माझ्यापाशी आल्या तेव्हा मला वाटलं, आता काही तरी म्हणतील. त्या म्हणाल्या, "गॅसचा नंबर लावलाय, परवा सिलिंडर येईल." आणि गाडीत बसल्या.

मुक्ता आता कॉलेजात आहे. या दिवाळीत आम्ही तिघांनी कोचीला जायचं ठरवलं होतं. ती म्हणाली, "आई, तुम्ही दोघं जा. मी दोड्डव्वाकडं जाते." मी हसून बरं म्हटलं आणि कोचीचा बेतही सोडून दिला.

परवा संध्याकाळी अक्कांना फोन केला. मागं कसला तरी दंगा चालला होता, भांड्यांचा आवाज येत होता, मुक्ता कुणाला तरी मोडक्या कानडीत काही सांगत होती आणि बायका खळाळून हसत होत्या. अक्का सांगत होत्या की मालकीणबाईच्या मुलीचं लग्न ठरलंय, गल्लीतल्या सगळ्या मिळून लाडू वळतायत, पाक अक्कांच्याच हातचा पाहिजे म्हणून अडून बसल्यात. मी विचारणार होते, तुमचे गुडघे कसे आहेत. शाळेतलं सांगणार होते. पेठेतल्या घरात मी दिवसभर कुणाशी बोलते, हे तरी निदान त्यांनी विचारावं असं वाटत होतं. एवढ्यात कुणीतरी अगदी जवळून, हक्कानं हाक मारली, "अक्का!"

"ठेवतो गं रेखा," त्या म्हणाल्या. "ह्या काय मला सोडत न्हाईत."

फोन बंद झाला. ती गल्ली मीच निवडली होती. तिथल्या प्रत्येक बाईचा मला हेवा वाटला.