दहापैकी सहा

आमच्या गावात हळदीच्या दिवशी मांडवामागे चुली मांडतात आणि बायका ओळीने भाकऱ्यांना बसतात. त्यातली पहिली चूल माझ्या आईची. तिच्या हातची तांदळाची भाकरी तव्यावर अशी टम्म फुगते की त्या चुलीपुढे दुसरं कुणी बसतच नसे. मग तिची कंबर धरली. गोळ्या, मलमं, शेक, चार वर्षं सगळं करून झालं. शेवटी दहा मिनिटंही खाली बसवेना. लागोपाठ दोन हळदींना ती खुर्चीवरून दुसऱ्यांच्या भाकऱ्या बघत राहिली. चुलतभावाचं लग्न ठरलं, तेव्हा मीच चिडून तिला पनवेलला नेलं.

एसटी स्टँडच्या मागे फक्त जुन्या दुखण्यांवर उपचार करणाऱ्या एक डॉक्टरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, मणक्याच्या सांध्यातलं दुखणं बारीक नसांमधून वर जातं. आधी सुईने त्या नसा थोडा वेळ बधिर करून बघू. नस बरोबर सापडली, तर पुढे ती उष्णतेने जाळता येईल. म्हणजे ही सुई नुसती परीक्षा होती. घरी जाऊन जे केल्यावर दुखतं तेच करायचं आणि दर अर्ध्या तासाने, दहापैकी किती दुखतंय, ते वहीत लिहायचं.

आई शाळेत गेलेली नाही, म्हणून वही माझ्याकडे. सुई झाल्यावर तिला घरी सोडून मी कामोठ्याला शाळेच्या ऑफिसात गेले, आणि तिथेच घोळ झाला. सुई घेतलेल्या बाईला कामाला लावणं आमच्याकडे पाप. काकी आल्या, शेजारणी आल्या, आईला गादीवर झोपवलं, पेज पाजली. मी फोन करायचे, ती शून्य म्हणायची आणि मी खुशीत शून्यं मांडायचे. पडून राहिल्यावर तिला कधीच दुखत नव्हतं, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही. डॉक्टरीणबाईंच्या मात्र वही बघताच आलं. पुन्हा एकदाच सुई देईन, त्यातही नीट कळलं नाही तर जाळायला हात लावणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

दुसऱ्या खेपेला मी रजा घेतली आणि दाराला आतून कडी घातली. सुईच्या आधी आईने आठ सांगितले होते. चुलीपुढे बसल्यावर पहिल्या अर्ध्या तासाला ती दोन म्हणाली, मग एक. ती थापत होती, मी लिहीत होते, आणि बाहेरून काकी मला शिव्या घालत होत्या. भाकऱ्यांची चळत वाढत चालली. दुपार कलली तेव्हा तिचा हात परातीत थांबला.

"सहा," ती म्हणाली.

ही खेपही वाया गेली, असं मला वाटलं. दोनच लिहिते, मी हळूच म्हटलं. एका आकड्याने काय होतंय, लग्न जवळ आलंय.

तिने पिठाच्या हाताने वही माझ्याकडे ढकलली. "सहा हाय तर सहाच लिव. चूल गेली तरी चालंल, पन खोटं नाय लिवायचं."

मी रागारागाने सहा लिहिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी वही उघडली आणि सहावर बोट ठेवून हसल्या. सुईचा असर किती तास राहतो, हे त्यांनी आम्हाला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तो उतरायची वेळ आणि आईच्या सहाची वेळ एकच होती. नस हीच, त्या म्हणाल्या, आणि हे मला या सहावरून कळलं. मी मान खाली घातली. मी काय लिहिणार होते, ते आईने त्यांना सांगितलं नाही.

नस जाळल्यावर उतार पडायला तीनेक आठवडे लागले. हळदीला आई पहिल्या चुलीपुढे मांडी घालून बसली. तासाभराने मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, किती? आजूबाजूच्या सगळ्या बायका शून्य ऐकायला टपल्या होत्या. तिने भाकरी उलटली, क्षणभर कंबरेचा अंदाज घेतला.

"दोन," ती म्हणाली. "आता लिव तुजे दोन."

एवढ्या बायकांसमोर, त्या चुलीपुढे बसूनसुद्धा, तिने शून्य सांगितलं नाही.