शेगडीवरचं सोनं

रोज सकाळी सूर्याला हात जोडून आमचा दादा एका माणसाचा पत्ता मागे. पुण्यबिण्य काही नाही. "त्या किमयाबुवाला एकदा माझ्यासमोर आण," एवढंच. बदनापूरच्या शाळेत तो सायन्स शिकवायचा, तेही उर्दूतून, कारण राज्य निजामाचं. पोरं त्याला सूर्यमास्तर म्हणत.

कारण सांगते. माझं लग्न ठरलं होतं, तेव्हा वडीगोद्रीला आमच्या घरी एक बुवा आला. मुशीत तांब्याचा तुकडा ठेवून त्याने वर कसलीशी पूड टाकली, शेगडीवर पळीने ढवळलं आणि तळाशी सोन्याचा मणी दाखवला. वडील भुलले. दुप्पट करून देतो म्हणाला, म्हणून माझ्या लग्नाचं सगळं सोनं त्याच्या मडक्यात घातलं. अमावस्येपर्यंत झाकण काढू नका, असं बजावून तो गेला. काढलं तेव्हा आत खडे होते. सोयरीक मोडली. वडिलांनी हाय खाल्ली आणि ते गेले. मी जन्मभर दादाच्या घरी भाकरी थापत राहिले. त्या बुवाचं वाटोळं होवो, असं रोज म्हणायचे आणि मनापासून म्हणायचे.

"शिव्यांनी काय होतं गंगे? त्याची किमया खोटी का, ते शिकून येतो," म्हणत दादा हैदराबादला गेला. परत आला तो एकच धडा घेऊन. "शेगडीची आग धातूच्या अणूच्या कातडीला लागते, गाभ्याला न्हाई. गाभा बदलल्याबिगर तांब्याचं सोनं बिलकुल होत न्हाई." सूर्याच्या पोटात हायड्रोजनचे गाभे एक होऊन हेलियम होतो, हे मासिकात वाचलं त्या दिवशी तो जेवलाच नाही. "एवढी आग लागते, तवा कुठं एकाचं दुसरं होतं. अन् हा कोळशावर करून राह्यला होता."

"मंग जगातलं सोनं कुठं झालं?" मी विचारलं.

"ते अजून कुणालाच बराबर ठाऊक न्हाई. पण शेगडीवर न्हाई झालं."

पुष्कळ वर्षांनी पत्ता लागला. शहागडला एका पाटलांच्या ओसरीवर तोच बुवा, म्हातारा झालेला, शेगडी पेटवून बसला होता. दादा मला घेऊन गेला. चारचौघांसमोर म्हणाला, "महाराज, करा किमया. फक्त पळी माझी घ्या." बुवाची पळी त्याने निखाऱ्यावर धरली. टोकाचं मेण वितळलं आणि पोकळ दांडीतून सोन्याचा कीस गळला. पाटील काठी घेऊन उठले. दादाने अडवलं आणि बुवाच्या हातात फुंकणी दिली. "मारू नका. फुंकू द्या त्याला. सूर्याएवढी आग कर बाबा. सोनं झालं की जा."

वैशाखाचं ऊन होतं. फुंकून फुंकून बुवाचे डोळे लाल झाले, दम लागला. शेवटी तो माझ्या पायाशी आला. "माय, माफ कर. लेकरंबाळं हाईत मला."

लेकरंबाळं. आणि हे मला सांगत होता.

दादाने माझ्याकडे पाहिलं. "गंगे, तू सांग."

"फुंका," मी म्हणाले.

दिवस कलल्यावर पाटलांनीच त्याला वेशीबाहेर काढलं. पुढे दादा अंथरुणाला खिळला तेव्हा एकदा म्हणाला, "मला वाटलं, तू सोडशील त्याला."

"मला न्हाई वाटलं," मी म्हणाले. दादा हसला आणि कूस बदलून झोपला.

आता दादा नाही. सूर्याला हात मी जोडते. झालं गेलं विसरावं, असं लोक सांगतात. मी कशाला विसरू? चुलीपाशी फुंकणी उचलली की तो म्हातारा डोळ्यांपुढे येतो, आणि त्या दिवशी माझी भाकरी चांगली फुगते.