जिभेवरची चिमूट

नंदुरबारात मी ज्या दुकानातून तिखट घेतो, तिथले शेठ चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवल्याशिवाय पुडी बांधत नाहीत. डोळे मिटतात, मान हलवतात, मग म्हणतात, "लई जा, भाऊ." रोज सकाळी चादरी विकणारा एक म्हातारा त्यांच्या ओट्यावर टेकतो. शेठ त्याला आपल्यातला अर्धा चहा देतात.

परवा त्याच म्हाताऱ्याचा फोटो शेठनी मला मोबाइलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, 'पोरं पळवणारा, दिसला की धरा.' मी धावत दुकानात गेलो. तोवर लोकांनी त्याला भर बाजारात बेदम मारून दवाखान्यात पोचवलं होतं.

"शेठ, अहो, तुम्ही तर त्याला ओळखता!"

"वळखस ना," ते शांतपणे म्हणाले. "माले बी पहिले पटनं नई. पन देखा, वर ॲपनी कंपनीनीच लिखेल शे, 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला'. खोटा माल इतला खपस का?"

मी तिखटासाठी आलोय असं समजून शेठनी चिमूट जिभेवर ठेवली आणि तोंड वाकडं केलं.

"हाऊ माल लेऊ नका, भाऊ. भेसळ वाटस."