नानांचा उठावना

आमदाराच्या मागे लागलेल्या माणसाचं काम होत नाही, पण किस्से मात्र ढीगभर जमतात! आमच्या देवासच्या कॉलनीतले आम्ही तिघं रिटायर्ड असेच मागे लागलो होतो. नाना शितोळे, पुराणिक वकील आणि मी. काम एकच. वरच्या फॅक्टरीचं घाण पाणी मागच्या नाल्यात यायचं आणि आमच्या बोअरिंगचं पाणी पिवळं झालं होतं. नानांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. इंदूरचे डॉक्टर तोंडी म्हणाले, "आधी पाणी बदला." लिहून मात्र देईनात.

*

पहिल्यांदा बंगल्यावर गेलो तेव्हा आमदारसाहेब वाकून नानांच्या पाया पडले. "आप तो मेरे गुरु हैं!"

नानांचा जन्म तहसील कचेरीत गेला. शाळेत त्यांनी कधी कुणाला शिकवलं नाही. तरी बिचारे खूश झाले. पाठ थोपटून म्हणाले, "जीते रहो."

आमच्या मागे एक किराणावाला उभा होता. तोही गुरूच निघाला!

*

मग बाहेरच्या बाकावर बसायची सवय झाली. एकदा सकाळपासून बसलो होतो. फॅक्टरीवाल्या सेठची गाडी आली आणि सेठ सरळ स्वैपाकघराच्या दारानं आत गेले. आतून पोह्यांचा वास आला.

नाना डायलिसिस करून आलेले, बसवत नव्हतं. पीएला म्हणाले, "भिया, हम पहले आए थे."

"दादा, वो तो घर के आदमी हैं."

"और हम?"

"आप तो जनता हो, मालिक हो! मालिक को क्या जल्दी?"

*

वकिलांनी रीतसर प्रश्न लिहून दिला, विधानसभेत विचारायला. साहेबांनी तो खिशात ठेवला. "इस बार पक्का पूछूँगा."

आणि खरंच विचारला की! त्याच फॅक्टरीबद्दल. फॅक्टरीकडे जाणारा रस्ता खराब आहे, ट्रक हिचकोले खातात, सरकार काय करणार?



*

आमच्या माळव्यात माणूस गेला की तिसऱ्या दिवशी उठावना असतो. सगळे घडीभर येऊन बसतात, फोटोला फुलं वाहतात, हात जोडून निघतात. आता आम्ही मराठी घरंही करतो. आमदार कामाला भेटत नाहीत, पण उठावना चुकवत नाहीत. तिथे मतं बसलेली असतात ना!

सेठची सासू धारला वारली. आम्ही बस पकडून धारला गेलो. पाहतो तर दारात हात जोडून उभे कोण? आमचे आमदार! येणाऱ्याला स्वतः पाणी देत होते. खरा जावई मागे खुर्चीवर.

नाना पुढे झाले. "साहब, वो हमारे पानी का..."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "दादा, गमी में काम की बात? आपको शोभा देता है?"

परतीच्या बसमध्ये नाना खिडकीला डोकं टेकून बसले होते. एकदम म्हणाले, "अरे, तो उठावन्यालाच येतो ना? मग माझाच ठेवा. मी आहे तोवर!"

*

आम्हाला गंमत वाटली होती. नानांना नाही.

नानांच्या नलूवहिनी आधी खूप रडल्या. मग मनाची समजूत घातली, "मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात." फोटोला हार मात्र घालू दिला नाही. कॉलनीला सगळं सांगून ठेवलं होतं. ऑटोवर भोंगा लावून पुकारा केला. ठरलं असं, की आमदार येऊन बसले की नाना उभे राहणार आणि म्हणणार, "मी अजून आहे. आता तरी माझं ऐका."

साहेब आले. फोटोला फुलं वाहिली आणि नानांच्याच शेजारी बसले! नाना पार सुकले होते, डोक्यावरून शाल होती, पण माणूस तोच होता हो! साहेबांनी त्यांचा हात हातात घेतला.

"हिम्मत रखो दादा. नानासाहब तो मेरे गुरु थे."

नानांनी त्यांच्याकडे पाहिलं. उठले नाहीत. हळूच म्हणाले, "उनकी एक ही इच्छा थी साहब. नाले में वो पानी बंद करवा दो."

"समझो हो गया!"

गाडी गेल्यावर मी चिडलो. "नाना, बोलला का नाहीत?"

"मी कोण ते सांगायचीच लाज वाटली रे."

मला तिथेच रडू आलं. वकील फोटो उचलून आत ठेवायला गेले, ते लवकर बाहेर आलेच नाहीत.

*

आयुष्य काही वाढलं नाही. त्याच थंडीत नाना गेले. नळाला पाणी तेच, पिवळं.

वहिनी म्हणाल्या, "आमदारांना बोलवा. आज मी बोलते त्यांच्याशी." म्हणून मी पीएला फोन लावला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, वेळ सांगितली.

पीए म्हणाला, "नाना शितोळे? अरे भिया, उनके उठावने में तो साहब हो आए!"