बावीसच्या जागी अठ्ठावीस

भुतं, संकेत वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता… प्रोग्रॅमिंग करणाऱ्या बाईचा कसा असेल? तरी लिहितेय, कारण हे पोटात ठेवून दमले.

मी सावेडीत राहते. नागापूर एमआयडीसीतली आमची छोटी कंपनी कारखान्यांच्या नेटवर्कसाठी फायरवॉलचे डबे बनवते. कुठला निरोप सोडायचा, कुठला अडवायचा, हे डब्याच्या कर्नलमधला — म्हणजे सिस्टीमच्या अगदी गाभ्यातला — आमचा कोड ठरवतो. त्याला एक जुनी खोड होती. नवा नियम घालताना काहीही बिनसलं, तरी वरच्या प्रोग्रॅमला तो एकच आकडा द्यायचा — २२, म्हणजे 'दिलेली माहिती चूक'. खरं कारण कळायचंच नाही. प्रत्येक कारणाला वेगळा आकडा देणारा कोड मी लिहीत होते, पण तो फक्त माझ्या लॅपटॉपवर होता.

एका मंगळवारी दुपारी लोखंड ओतणाऱ्या जवळच्या फाउंड्रीतून भोसलेमामांचा फोन आला. ते तिथले मेन्टेनन्सवाले. भट्टी गार ठेवणारं पाणी गळलं तर अलार्म देणारा सेन्सर त्यांनी नवा बसवला होता, पण त्याचा निरोप सोडायचा नियम डबा घेईना. भट्टी चालू, आणि अलार्म मुका!

"बावीस आला असेल मामा. पत्ता परत तपासा."

"न्हाई ताई, आज येगळाच हाय. अठ्ठावीस."

"नीट बघा…"

"चष्मा लावूनच वाचतोय. दोन आन् आठ."

हा आकडा तर फक्त माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या कोडमध्ये होता. २८ म्हणजे 'नियमांसाठी जागा संपली'. मी मामांना बंद पडलेल्या मशिनींचे जुने नियम काढायला सांगितले. नवा नियम लगेच बसला.

पंधरा मिनिटांत अलार्म वाजला. पाणी खरंच गळत होतं. वितळलेल्या लोखंडाखाली ते अडकलं असतं तर स्फोटच… भट्टी बंद केली, सगळी माणसं धडधाकट बाहेर आली.

संध्याकाळी मी जाऊन डबा तपासला. कोड जुनाच. ओळ न् ओळ वाचली — २८ कुठेच नाही. मुद्दाम जागा भरून पुन्हा पुन्हा पाहिलं, दरवेळी २२. डब्याच्या नोंदींत, म्हणजे लॉगमध्ये, मात्र दुपारचा तो एकच २८… स्वच्छ दिसत होता. आमच्या सिनियरना दाखवला. "असं होऊच शकत नाही" एवढंच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नवा कोड टाकायला गेले, तर भोसलेमामांनी आधी टोपी सारखी करून डब्याला हात जोडले. मी हसले नाही. त्यांचं होईपर्यंत लॅपटॉप मिटूनच उभी राहिले.