सहा डिसेंबरची मेणबत्ती

नातीनं मोबाईलवर विशाखापट्टणमचं ते समुद्रकाठचं जुनं हॉटेल दाखवलं. खिडकीखिडकीत मेणबत्त्या लावून जोडपी जेवत होती. मला हसू फुटलं.

एकाहत्तरच्या लढाईत तिथं नौदलाचे अफसर राहत. ह्यांना भिलाईच्या पोलाद कारखान्यातून बंदरावर कामाला धाडलेलं. समुद्र पाहायला मीही हट्टानं गेले; त्याच हॉटेलात वरच्या मजल्यावर एक खोली मिळालेली. ब्लॅकआउट होता, काचांना काळे कागद. पण त्या दिवशी बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन! आमच्या वस्तीत त्या संध्याकाळी खिडकीत मेणबत्ती लावतात. मग मी शहाणीनं खिडकी उघडली आणि लावली.

लगेच शिट्ट्या, जिन्यावर बूट.

"दुश्मन को इशारा किसने किया?"

ह्यांनी मेणबत्ती विझवली. "मैंने जलाई, साहब."

दंडाला धरून त्यांना खाली नेलं. साहेबाचा चढलेला आवाज वर येत होता. अठरा वर्षांची ही बया 'मी लावली' म्हणायचं सोडून खाटेवर बसून हुंदके देत राहिली.

कारखान्याचा पास पाहून त्यांना सोडलं. परतले तेव्हा ओठ पांढरे पडले होते.

"कावून रडून राहिली वो? आलो ना मी."

"मेणबत्ती अर्धीच जळली."

त्यांनी काडेपेटी उचलली. मग म्हणाले, "आन इकडे. न्हाणीत लावू, तिथं खिडकी नाही."